आवडीचा दाखला

संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश मागणाऱ्या मुलांना अर्जासोबत एक हेतुपत्र द्यावं लागतं. हा विषय का शिकायचा आहे, ते पान-दीड पानात सांगायचं. अशी पत्रं मी गेली कित्येक वर्षं वाचते आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते: 'मला लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड आहे.' त्यानंतर घरात पहिलं मशीन कधी आलं, कोणत्या गेमने वेड लावलं, शाळेत असतानाच कोणती प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून झाली, याची हकिगत येते. मुलं खोटं लिहितात असं माझं म्हणणं नाही. पण वाचणाऱ्याला काय वाचायचं असेल याचा अंदाज बांधून ती लिहितात, हे उघड दिसतं. तो अंदाज त्यांना आपणच शिकवला आहे. शिक्षक, पालक, प्रवेशसमित्या, यशस्वी माणसांच्या मुलाखती, सगळे मिळून त्यांना सांगत आलो आहोत की या विषयाला आवड लागते, आणि ती जुनी असल्याचा दाखलाही लागतो.

काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या पत्रात हा दाखला नव्हता. तिने एका स्पर्धेबद्दल लिहिलं होतं. शाळेत आठ संघांचे सामने होते, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं होतं, आणि वेळापत्रक लावायचं काम तिच्या गळ्यात पडलं. सामने होतात २८. एका दिवशी आठही संघ खेळले तर चार सामने उरकतात, म्हणजे कमीत कमी सात दिवस हवेत. पण सात दिवसांत ते बसवायचे कसे? दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा शेवटच्या दिवशी असे संघ समोरासमोर येत ज्यांचा सामना आधीच झालेला होता. मग तिने आठ चिठ्ठ्या टेबलावर गोल मांडल्या, एक चिठ्ठी जागेवरच ठेवली आणि उरलेल्या सात रोज एकेक घर पुढे सरकवल्या. समोरासमोर येतील त्यांचा त्या दिवशी सामना. सात दिवसांत सगळं बसलं, एकही जोडी दुसऱ्यांदा आली नाही. पुढे तिने लिहिलं होतं, 'नऊ संघ असते तर काय केलं असतं याचा मी नंतर विचार केला. दहावा खोटा संघ धरायचा. तो ज्याच्या वाट्याला येईल त्याला त्या दिवशी सुट्टी. पण ही युक्ती नेहमीच का चालते ते मला नीट सांगता येत नाही, आणि ते मला शिकायचं आहे.' शेवटची ओळ अशी होती: 'मला प्रोग्रॅमिंग येत नाही. त्यामुळे मी या विषयाला योग्य आहे का, हे मला ठाऊक नाही.'

समितीत त्या अर्जावर वाद झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की पत्र प्रामाणिक आहे, पण आवड दिसत नाही. मला त्या पत्रात आवडीखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. फक्त त्या आवडीला स्वतःचं नाव ठाऊक नव्हतं. त्या दुपारपासून माझं मत बनत गेलं आहे, ते इथे मांडते. संगणकशास्त्र शिकण्याची प्रेरणा विद्यार्थ्याने घरून तयार घेऊन यावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्या अपेक्षेपायी आपण चुकीची माणसं निवडतो, बरोबर माणसं घालवतो, आणि आत आलेल्यांनाही पहिल्या वर्षभर स्वतःबद्दल खोटं बोलायला लावतो.

जुनी आवड म्हणजे बहुतेक वेळा जुनी सोय. ज्या मुलाच्या खोलीत दहाव्या वर्षी मशीन होतं आणि ते बिघडवल्याबद्दल रागावणारं कुणी नव्हतं, त्याची आवड दहाव्या वर्षी सुरू झाली. ज्या मुलीच्या घरी एकच मशीन होतं आणि त्यावर आधी भावाचा हक्क होता, तिची आवड सुरू व्हायला जागाच नव्हती. दोघांची हेतुपत्रं शेजारी ठेवून आपण मनाचा कल मोजतो आहोत असं समजतो, पण मोजली जाते ती घरातली परिस्थिती.

अमेरिकेतल्या पदव्यांचा इतिहास याला पुरावा आहे. तिथे १९८४च्या सुमारास संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत मुली सुमारे ३७ टक्के होत्या. वैद्यक, कायदा, भौतिकशास्त्र या क्षेत्रांत पुढच्या वर्षांत मुलींचं प्रमाण वाढत गेलं. संगणकशास्त्रात ते घसरलं, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर १८ टक्क्यांच्या आसपास आलं. घसरण सुरू होण्याचा काळ आणि घरगुती संगणक बाजारात येण्याचा काळ एकच आहे. ते संगणक मुलग्यांचं खेळणं म्हणून विकले गेले. मुलगे कॉलेजात येताना काही वर्षांची सवय घेऊन येऊ लागले, पहिल्या वर्षाचे वर्ग त्या सवयीला धरून शिकवले जाऊ लागले, आणि बाकीच्यांना वाटू लागलं की आपण उशिरा पोहोचलो. या घसरणीला एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण हे कारण मला फार मोठं वाटतं.

त्याच देशातल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी १९९५पासून काही वर्षं संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलून हे समजून घेतलं. यंत्राची लहानपणापासून ओढ लागल्याची कहाणी मुलगे जास्त सांगत. मुली बऱ्याचदा या विषयाला दुसऱ्या कशाशी जोडून पाहत, वैद्यकाशी, समाजाच्या एखाद्या गरजेशी. आणि मुलींची आवड का आटते याचा माग काढला, तेव्हा असं दिसलं की आधी आत्मविश्वास जातो, आवड त्याच्यामागून. शेजारचा मुलगा सगळं आधीच जाणतो, मग माझ्यातच काही कमी असेल, असा तो विचार. विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी आधीच्या प्रोग्रॅमिंगला दिलं जाणारं वजन काढून टाकलं, पहिल्या वर्षात ज्याच्या-त्याच्या अनुभवाप्रमाणे वेगवेगळे वर्ग ठेवले, शिकवण्यात बदल केले. १९९५ साली तिथे नव्याने दाखल होणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या, २००० साली ४२ टक्के. मुलींच्या मनाची घडण पाच वर्षांत बदलत नसते. बदललं ते दार.

या विषयाचा आरंभ आठवला तरी दाखल्याचा आग्रह टिकत नाही. एनिॲक हे सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक यंत्र १९४६ साली जगापुढे आलं. त्याच्यासाठी प्रोग्रॅम रचण्याचं काम सहा स्त्रियांवर सोपवलं होतं. त्या हाताने गणितं करणाऱ्या होत्या. प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हती, पुस्तक नव्हतं, आणि सुरुवातीला तर त्यांना यंत्राच्या खोलीत जायचीही परवानगी नव्हती. आकृत्या पाहून त्यांनी ते समजून घेतलं. ग्रेस हॉपर पहिल्यांदा संगणकावर कामाला लागल्या १९४४ साली, वयाच्या ३७व्या वर्षी. त्या गणिताच्या प्राध्यापिका होत्या. पुढे आठ वर्षांनी त्यांनी कंपायलरची, म्हणजे माणसाला सोयीच्या रूपात लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमची, पहिली पावलं टाकली. यांतल्या कुणाला संगणकाची लहानपणापासून आवड असणार तरी कशी? संगणकच नव्हता. त्यांच्याकडे वेगळं काहीतरी होतं, आणि ते काय होतं हा खरा प्रश्न आहे.

त्याकडे वळण्याआधी दुसऱ्या एका वाक्याबद्दल बोलायला हवं. हे वाक्य हेतुपत्रात सहसा येत नाही, पण पुष्कळांच्या मनात तेच पहिलं असतं: चांगली नोकरी मिळते म्हणून. या कारणाला नाकं मुरडणाऱ्या शिक्षकांचा मला राग येतो. ज्या घरातून पहिलंच माणूस विद्यापीठाच्या पायऱ्या चढतं, त्या घराला चार वर्षांच्या फीचा आणि चार वर्षं न आलेल्या मिळकतीचा हिशेब करावाच लागतो. पोट भरायला शिकणं हलकं, ज्ञानासाठी शिकणं थोर, असं म्हणायची चैन पोट भरलेल्यांनाच परवडते. मुलाने मुलाखतीत सरळ सांगावं की मला कमवायचं आहे, आणि समितीने ते आदराने लिहून घ्यावं.

माझी हरकत वेगळी आहे, आणि ती व्यवहाराची आहे. पगार हे या वाटेवर यायला पुरेसं कारण आहे, पण वाटेवर रोज चालायला तो फार दूर पडतो. तिसऱ्या सेमिस्टरमध्ये रात्री प्रोग्रॅम चालत नसतो, चूक कुठे आहे ते सापडत नसतं, सकाळी तो द्यायचा असतो. त्या वेळी चार वर्षांनंतरचा पगार माणसाला खुर्चीत बसवून ठेवत नाही. त्या तासाला काहीतरी जवळचं लागतं: हे असं का होतंय, ते कळल्याशिवाय उठायचं नाही, ही खुमखुमी. शिवाय पगाराचा अंदाज चुकतो. १९९९ साली इंटरनेट कंपन्यांचं उधाण पाहून प्रवेश घेतलेली मुलं पदवी घेऊन बाहेर पडली तेव्हा ते उधाण ओसरलेलं होतं. प्रवेश घेताना दिसणारा बाजार पदवी घेताना तसाच सापडेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

आणि प्रेरणा शुद्ध नसली तर काम शुद्ध होत नाही, असंही काही नाही. १९५१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी आपल्या वर्गाला दोन पर्याय दिले, अंतिम परीक्षा द्या किंवा एका प्रश्नावर निबंध लिहा. प्रश्न असा होता: मजकुरातल्या प्रत्येक चिन्हाला शून्य-एकचा संकेत द्यायचा, तर सगळा मजकूर कमीत कमी जागेत बसवणारे संकेत कसे ठरवायचे? डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने परीक्षा टळेल म्हणून निबंध घेतला. हा प्रश्न फॅनोंना स्वतःलाही पूर्ण सुटलेला नाही, हे त्याला माहीत नव्हतं. कित्येक महिने डोकं फोडून झालं, शेवटी नाद सोडून परीक्षेच्या अभ्यासाला लागावं असं त्याने ठरवलं, आणि तेव्हाच उत्तर सुचलं. सगळे वरून खाली, गटांची विभागणी करत येत होते. हफमन खालून वर गेला: सर्वांत कमी वेळा येणारी दोन चिन्हं जोड, ती जोडी एकच चिन्ह मान, पुन्हा तेच कर. १९५२ साली ते छापून आलं. झिप फाइल आणि जेपेग छायाचित्रं आजही त्या युक्तीचा वापर करतात. त्याच्या हेतुपत्रात 'मला परीक्षा टाळायची आहे' असं लिहिलेलं चाललं असतं का? पण त्याला त्या प्रश्नाने धरलं, आणि एकदा धरल्यावर परीक्षेचं कारण मागे पडलं.

हे धरलं जाणं म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून सांगते. थोडी आकडेमोड आहे, पण ती टाळून हा मुद्दा सांगता येणार नाही.

गुणाकार आपण सगळे शाळेत शिकलो. २३ गुणिले ४५ करायचे तर चार छोटे गुणाकार लागतात: २ आणि ४, २ आणि ५, ३ आणि ४, ३ आणि ५. आकडे दुप्पट लांब झाले की काम चौपट होतं. ही रीत शतकानुशतकं चालत आलेली, त्यामुळे याहून कमी कामात गुणाकार होणारच नाही, असं वाटणं साहजिक होतं. आंद्रेई कोल्मोगोरोव हे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी एक. त्यांनाही तसंच वाटत होतं, आणि १९६०च्या शरद ऋतूत मॉस्को विद्यापीठातल्या आपल्या चर्चासत्रात त्यांनी हा अंदाज मांडला. समोर २३ वर्षांचा अनातोली कारात्सुबा बसला होता. आठवडाभरात तो उत्तर घेऊन आला: चार गुणाकार लागत नाहीत, तीन पुरतात.

करून पाहा. २ गुणिले ४ म्हणजे ८. ३ गुणिले ५ म्हणजे १५. आता अंकांच्या बेरजा घ्या, २ अधिक ३ पाच, ४ अधिक ५ नऊ, आणि त्यांचा गुणाकार ४५. या ४५मधून आधीचे ८ आणि १५ वजा केले की उरतात २२. मग ८ शतकं, २२ दशकं आणि १५ एकक: ८०० अधिक २२० अधिक १५, म्हणजे १,०३५. शाळेच्या रीतीने ताळा करून घ्या, हेच येईल. एक गुणाकार वाचला, त्याच्या बदल्यात काही बेरजा-वजाबाक्या आल्या. दोन अंकी संख्येत यात काही विशेष वाटणार नाही. पण मोठी संख्या अर्ध्यात तोडायची, प्रत्येक तुकड्याला हीच युक्ती लावायची, तुकड्यांच्या तुकड्यांनाही. १,०२४ अंकी दोन संख्यांना शाळेच्या रीतीने १०,४८,५७६ छोटे गुणाकार लागतात. या रीतीने सुमारे ५९ हजार. कोल्मोगोरोव हे ऐकून अस्वस्थ झाले. पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतः ही रीत सर्वांना सांगितली आणि ते चर्चासत्र तिथेच संपवलं.

ही गोष्ट मी पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला सांगते, आणि वर्गात चेहरे पाहते. काही मुलं वहीत उतरवून घेतात. काही खिडकीबाहेर बघतात. काहींच्या चेहऱ्यावर मात्र एक प्रकारची चिडचिड येते: इतकी वर्षं मी चार गुणाकार करत होतो आणि कुणी सांगितलं नाही? मग तीन पुरतात तर दोन का नाही पुरत? ती चिडचिड मला हवी असते. तिच्यात या विषयाचे तीनही मूळ प्रश्न आहेत. हे करता येतं का? करता येत असेल तर किती कष्टात? आणि याहून कमी कष्टात होणारच नाही, हे ठामपणे म्हणता येईल का? यात यंत्राचा संबंध कुठेच आलेला नाही. ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९३६ साली कोणत्याही यंत्राला कधीच सोडवता येणार नाहीत असे प्रश्न असतात हे सिद्ध केलं, तेव्हा तसं यंत्र अस्तित्वात नव्हतं आणि तो २३ वर्षांचा होता. ऑगस्ट २००२मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वेगाने ठरवण्याची रीत जाहीर केली. त्यांतल्या दोघांनी त्याच वर्षी पदवी पूर्ण केली होती, आणि त्या कामाची मुळं त्यांच्या पदवीच्या प्रकल्पात होती.

आठ चिठ्ठ्या गोल मांडणारी ती मुलगी या मंडळींच्याच घराण्यातली होती. मशीनवर रात्र-रात्र बसणारा मुलगा कदाचित असेल, कदाचित नसेल. त्याला यंत्र वापरायला आवडतं, एवढंच त्याच्या पत्रातून कळतं. वाहन चालवण्याचा नाद असला म्हणजे इंजिनाचा अभ्यास आवडेलच, असं आपण धरत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत पालकांकडून नवा प्रश्न येऊ लागला आहे. यंत्रंच कोड लिहायला लागली, मग हा विषय शिकायचा कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' असं उडवाउडवीचं उत्तर मी देत नाही. ज्याची प्रेरणा केवळ एक भाषा शिकून सांगितलेलं कोड टाइप करण्याची होती, त्याच्या पायाखालची जमीन खरोखर सरकली आहे. ते काम यंत्रं करू लागली आहेत आणि अधिक चांगलं करतील. पण कोड लिहिणं आणि ते बरोबर आहे हे माहीत असणं, यांतलं अंतर फार जुनं आहे. क्रमाने लावलेल्या यादीत एखादं नाव शोधायचं तर मधलं नाव बघावं, आपलं नाव आधी असेल की नंतर ते पाहून अर्धी यादी सोडून द्यावी, पुन्हा तेच करावं. दहा लाख नावांत वीस पायऱ्यांत उत्तर मिळतं. पहिल्या सेमिस्टरला शिकवतात ही रीत. तरीही जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत मिळणाऱ्या तयार प्रोग्रॅमच्या अधिकृत संचात ती सुमारे नऊ वर्षं चुकीची बसली होती, आणि २००६ साली प्रोग्रॅमर जोशुआ ब्लॉक यांनी ती चूक जाहीरपणे मांडली. मधली जागा काढताना दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून निम्मी करायची. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज ठरवून दिलेल्या जागेत मावत नाही आणि ऋण संख्या होऊन बसते. कोड रोज चालत होतं. हजारो चांगल्या माणसांनी ते वाचलं होतं. माणसांनी लिहिलेल्या कोडवरच ही नवी यंत्रं शिकली आहेत.

उद्या यंत्रं अशा चुकाही शोधून काढतील, असं कुणी म्हणेल. काढतील, आणि मला त्याचा आनंदच होईल. तरीही 'बरोबर' म्हणजे काय हे कुणीतरी ठरवावंच लागतं, आणि तिथे चूक झाली तर पुढचं सगळं कोड निर्दोष असूनही घात होतो. थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, त्यांतले निदान तीन दगावले. कोडमध्ये चुका होत्याच. पण आधीच्या मॉडेलमध्ये चुकीची मात्रा रोखणारे वेगळे यांत्रिक अडसर होते, आणि सॉफ्टवेअर आहे तर ते कशाला, असं म्हणून नव्या मॉडेलमध्ये ते काढून टाकले होते. पडद्यावर नुसता बिघाडाचा क्रमांक उमटे, चालवणाऱ्याला त्याचा अर्थ कळत नसे, तो पुढे जाण्याची कळ दाबे. या सगळ्यात नुसतं कोड सुधारून भागलं नसतं. हे यंत्र कुणाच्या अंगावर चालणार आहे, त्या खोलीत घाईत काय घडेल, असा विचार करणारं माणूस तिथे हवं होतं.

म्हणून जी मुलं हेतुपत्रात लिहितात की त्यांना समाजासाठी काही करायचं आहे, त्यांच्याकडे मी दुर्लक्ष करत नाही. वाक्य घासून गुळगुळीत झालंय हे खरं. पण ते लिहिणाऱ्यांपैकी काहींच्या पोटात खरी कळकळ असते. एक मुलगा होता, त्याचं सगळं पत्र गुळगुळीत होतं. मुलाखतीत सहज विचारलं तेव्हा कळलं की त्याच्या आजीला दिसत नाही, फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बटणांची नावंच सांगत नाही, नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणतं. तो त्यावर दहा मिनिटं तावातावाने बोलला. बटणांना नाव देणं इतकं सोपं आहे, मग लोक देत का नाहीत, असं त्याचं म्हणणं. यातलं एक अक्षरही त्याने पत्रात लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, "का नाही लिहिलंस?" तो म्हणाला, "मॅडम, ते कॉम्प्युटर सायन्समध्ये येत असेल असं वाटलं नाही."

त्याच्या या उत्तराचा दोष मी त्याला देत नाही. प्रवेशाचे प्रश्न आम्ही लिहितो, आणि ते आम्हीच बदलायला हवेत. 'या विषयाची आवड कशी निर्माण झाली' हे विचारणं बंद करावं. त्याऐवजी विचारावं: अलीकडे कोणती गोष्ट तुला कळली नाही आणि तिचा तू पिच्छा पुरवलास? कुठे अडलास? अडल्यावर काय केलंस? याचं उत्तर द्यायला घरात मशीन असावं लागत नाही. अठराव्या वर्षी ज्याला याचं उत्तर सुचत नाही त्यालाही बाद करू नये, कारण कित्येकांना तोवर पिच्छा पुरवण्याजोगं काही भेटलेलंच नसतं. पहिल्या वर्षाचा निदान अर्धा भाग असा असावा की ज्यात आधी प्रोग्रॅमिंग केलेला आणि न केलेला एकाच रेषेवर उभे राहतील: कागद, पेन्सिल, चिठ्ठ्या, आणि 'हे नेहमी चालेल का' हा प्रश्न. आणि दुसऱ्या वर्षाच्या आरंभी मुलांना पुन्हा एकदा हेतुपत्र लिहायला सांगावं, गुण न देता. त्या वेळी जे लिहिलं जाईल, ते वाचायला मला फार आवडेल.

अर्ज भरणाऱ्या मुलांना मला एवढंच सांगायचं आहे की आवड नसल्याची लाज बाळगू नका आणि असल्याचा आव आणू नका. एक प्रश्न घ्या, जो मशीनशिवाय सोडवता येतो. दोन तास त्याच्याशी झुंजा. उत्तर आलं की नाही हे महत्त्वाचं नाही. तिसऱ्या तासाला उठावंसं वाटतंय की बसावंसं, ते पाहा. उठावंसं वाटलं तर दुसरा प्रश्न घेऊन पाहा, दुसऱ्या दिवशी. तरीही उठावंसंच वाटत राहिलं, तर जगात शिकण्याजोगे विषय पुष्कळ आहेत, आणि नोकरीसाठी हाच विषय हवा असेल तर तो त्या कारणासाठी डोळे उघडे ठेवून घ्या.

त्या मुलीला अखेर प्रवेश मिळाला. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, आणि त्या आठवड्यात माझ्या खोलीत येऊन म्हणाली की समितीचं चुकलं. मी तिला तिचं पत्र काढून दाखवलं. ती काही बोलली नाही. पुढच्या परीक्षेत पास झाली, फार चांगल्या गुणांनी नव्हे. चौथ्या सेमिस्टरला ती पुन्हा आली, हातात कागदांचा गठ्ठा. संघ तेच, सामने तेच, पण या वेळी तिने एक अट वाढवली होती. प्रत्येक संघाचं मैदान वेगळ्या गावात आहे, आणि सगळ्यांचा मिळून प्रवास कमीत कमी व्हायला हवा. चिठ्ठ्या फिरवण्याची युक्ती इथे चालत नव्हती. संघ थोडे वाढवले की शक्यता इतक्या होत की प्रोग्रॅम रात्रभर चालूनही संपत नव्हता. मी सांगितलं की या प्रकारच्या प्रश्नाला नेहमी चालेल अशी वेगवान रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

"मॅडम, सापडलेली नाही, की नाहीच?" तिने विचारलं.

स्टीफन कुक या संगणकशास्त्रज्ञांनी १९७१ साली हाच प्रश्न नीट शब्दांत मांडला. २००० सालापासून त्याच्या उत्तरावर दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे, आणि ते अजून कुणी नेलेलं नाही. हे मी तिला सांगितलं. तिने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मग आधी सहा संघांचंच बघू."